बत्तीस इंचांवर दिसलेली खूण

बाबा, गेल्या तीन आठवड्यांत मला चकचकीत वस्तूंची जी शिसारी बसली आहे, ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हणतात, एक मॉनिटर घ्यायला एवढा घोळ? तुम्ही असं म्हणाला नसतात. साधा पाना विकत घ्यायचा तरी तुम्ही घरातला नट खिशात टाकून निघायचात आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत तो पान्यात बसवून बघायचात. "दुकानात सगळंच चांगलं असतं, बाय. आपल्या कामाला लावून बघावं," असं म्हणायचात. मी शेजारी उभी असायचे आणि मला तुमची लाज वाटायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर मीही तेच करते, आणि दुकानदार माझ्याकडे तसंच बघतात.

मी तुमचंच काम करते, हे तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी ड्रॉइंग ऑफिसात होते, पण तपासायचं काम हातात आलं नव्हतं. आता बदलापूरच्या घरी खिडकीशी टेबल टाकून बसते आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतली तीन-चार वर्कशॉपं मला प्रेसवर बसणाऱ्या पोलादी साच्यांची, डायची ड्रॉइंगं तपासायला पाठवतात. तुमच्या निळ्या प्रिंटांचा अमोनियाचा वास नाही, गुंडाळ्या नाहीत, पिवळी पेन्सिल नाही. सगळं लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर. पूर्ण ड्रॉइंग बघावं तर आकडे मुंगीएवढे, आकडा बघावा तर ड्रॉइंग कुठल्या कुठे. माप बघायचं, सरकायचं, पुन्हा शोधायचं. गेल्या महिन्यात एक माप निसटलं. स्टील कापायच्या आधी मालकाच्याच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्याने फोन केला, आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, एकदा डोळे तपासून घ्या. पुढच्या वेळी मला दुसरं माणूस बघावं लागेल." मी फोन ठेवला. हेच वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं होतं, ते आठवलं.

डोळे तपासले, चष्म्याचा नंबर वाढला. मग मोठा पडदा घ्यायचं ठरवलं आणि उल्हासनगरला गेले. बाबा, त्या दुकानांत काय दाखवतात ते बघाल तर तुम्हाला मळमळेल. भिंतभर पडदे आणि सगळ्यांवर पोपट. पोपट, गोड्या पाण्यातले मासे, कापलेलं कलिंगड, थेंब पडलेलं गुलाबाचं फूल. मी म्हटलं, मला अक्षरं दाखवा. तो माणूस म्हणाला, "मॅडम, कलर देखो ना, कलर. अक्षर तो सबमें दिखता है." मी म्हटलं, मला दिवसाचे नऊ तास अक्षरंच बघायची आहेत, पोपट मी पाळलेला नाही. त्याने पोपटाचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दुकानात खोक्यावर फोर के असं तळहाताएवढं लिहिलेलं. माझ्या पेनड्राइव्हवरचं ड्रॉइंग लावलं तर बारीक रेषा तुटक, आकड्यांच्या कडांना जांभळी झालर. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर पडद्याचे ठिपके फोर केच्या निम्मे. विचारलं तर म्हणतो, "फोर के सपोर्टेड है, मॅडम." म्हणजे काय, तर फोर केचं चित्र आत घेतो, दाखवतो मात्र आपल्याला झेपेल तेवढंच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी तुमची सहा इंची स्टीलची पट्टी पर्समधून काढून पडद्यावरच्या आकड्याची उंची मोजायला लागले, तर तो काउंटरवरून ओरडला, "अरे आंटी, स्क्रॅच गिरेगा." दहावी झाल्यावर ती पट्टी तुम्ही मला दिली होती. बाकीच्या बापांनी घड्याळं दिली होती, म्हणून मी तोंड पाडलं होतं. पडद्याला ओरखडा पडला नाही, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव घरापर्यंत माझ्या अंगाला चिकटून आला.

घरी येऊन इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचायला बसले, तर त्याची आणखी घाण वाटली. एक जण पाच तारे देऊन लिहितो, अजून खोकं उघडलेलं नाही. एकीने नवऱ्याला दिला, नवरा खूश आहे. आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "त्यापेक्षा मोठा टीव्हीच घे ना, स्वस्त पडेल आणि मॅचपण बघता येईल." सगळ्याच लोकांनी नीट न बघता मत दिलं तर जग कसं होईल ते मला कळलं. अगदी असंच झालेलं आहे.

हे लिहिताना मला थांबावं लागलं, बाबा. न बघता मत देणाऱ्यांवर चिडायचा माझा हक्क किती, ते मला माहीत आहे.

दुकानात दाखवायला मी कुठलं ड्रॉइंग नेलं होतं, ते सांगते. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं बाहेर दाखवता येत नाहीत. जुनं काहीतरी हवं होतं. तुम्ही कपाटावर प्लास्टिकच्या पाइपात एकच चेक प्रिंट, तुमच्या तपासणीच्या खुणा असलेली प्रत, जपून ठेवली होती. तुम्ही गेल्यावर आईने तुमची सगळी कागदपत्रं रद्दीत दिली, तो पाइप मात्र माझ्याबरोबर घरं बदलत आला. मी तो कधी उघडला नव्हता. आत काय आहे ते ठाऊक होतं. या वेळी मनाला बजावलं, कुठलंही ड्रॉइंग चालेल, हेही चालेल. स्टेशनजवळच्या मोठ्या स्कॅनरवर ते स्कॅन करून घेतलं. लॅपटॉपवर एकदा पूर्ण उघडलं, रेषांचं जाळं दिसलं, बंद केलं. जवळ जाऊन बघितलं नाही.

तो महाशिवरात्रीचा दिवस होता. अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा भरलेली. तुम्हाला सुट्टी होती तरी तुम्ही काम घरी आणलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी डाय कापायला जायची होती. दुपारचं ऊन स्वयंपाकघरात आलेलं, आईने साबुदाणा भिजवलेला, तुम्ही जमिनीवर चटई टाकून प्रिंट पसरली आहे आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत. तुमची पद्धत ठरलेली असायची. गिऱ्हाइकाच्या मूळ कागदावरचं एकेक माप तुम्ही वाचायचं आणि आपल्या प्रिंटवर ते जुळतं का बघून पिवळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. खूण नसलेलं एकही माप राहता कामा नये. एरवी दोन्ही तुम्हीच करायचात. त्या दिवशी निळसर प्रिंट तुम्हाला पुसट दिसत होती. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिली आणि भिंगातून मूळ कागद वाचायला लागलात. "पेन्सिल कुणाच्या हातात द्यायची नसते हां," असं हसून म्हणालात. "ऑफिसात कळलं तर माझी खैर नाय."

मी सोळा वर्षांची होते. डावखुरी. माझी बरोबरची खूण उलटी पडते, लांब पाय डावीकडे. सुरुवातीला मी इमानाने बघत होते. मग खालून मैत्रिणीने हाक मारली. जत्रेला जायचं होतं. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. तुम्ही वाचत होतात, सावकाश, बोट ठेवून. "दोन भोकांमधलं अंतर, पंचेचाळीस पॉइंट पाच." मी म्हटलं, हो. "बघितलंस?" हो. खूण केली. त्यानंतरची सात-आठ मापं मी तशीच उडवली, तुमचं वाक्य संपायच्या आत हो म्हणत. बाकीची नशिबाने बरोबर होती. तुम्ही म्हणालात, "शाब्बास, पळ आता." मी जत्रेत पाळण्यात बसले, उसाचा रस प्यायले, हिरव्या बांगड्या घेतल्या.

प्रिंटवर चोपन्न पॉइंट पाच होतं. काढणाऱ्याने आकडे उलटे टाकले होते, आणि ते पकडणं हेच तुमचं काम होतं. डाय कापली, भट्टीतून कडक होऊन आली, प्रेसवर बसवली आणि मग कळलं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, चपला काढल्या, पाणी मागितलं नाही. मी अभ्यासाला बसले होते. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि अगदी हळू विचारलंत, "बाय, त्या दिवशी सगळं बघून टिक केलं होतंस ना? काय असेल तर सांग. मी रागावणार नाय." मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "हो, सगळं बघितलं होतं." मग उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणालात, "मग माझेच डोळे गेले." त्यानंतर तुम्ही हा विषय मरेपर्यंत काढला नाहीत.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात चौकशी झाली आणि तुम्हाला ड्रॉइंग ऑफिसातून काढून स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. निवृत्तीपर्यंत तुम्ही नट-बोल्ट मोजून दिलेत. तुमचा मालक चारचौघांत म्हणाला होता, डोळे तपासून घ्या. आई अजूनही पाहुण्यांना सांगते, ह्यांचे डोळे लवकर गेले म्हणून. मी त्या वेळी चहाचे कप गोळा करायला आत जाते. मी स्वतःची समजूत घातलेली होती की प्रिंट खरंच पुसट होती, ऊन तिरपं होतं, कुणालाही चोपन्न दिसलं नसतं. इतकी वर्षं ही समजूत जपली.

तिसरं दुकान एका म्हाताऱ्या सिंधी काकांचं होतं. पोपट नव्हता. मी पेनड्राइव्ह पुढे केला तर सिंधीत ताई म्हणतात तशी हाक मारून म्हणाले, "बराबर है, अदी. अपना काम लगाके देखना चाहिए. चित्र देखके मॉनिटर लेता है वो बाद में रोता है." त्यांनी बत्तीस इंची लावला, चकाकी नसलेला, माउसचा बाण पडद्यावर अडखळत सरकत होता म्हणून केबल बदलून दिली, खुर्ची दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. मी ड्रॉइंग उघडलं. बाबा, सगळं एकदम दिसलं. सरकवायला नको, मोठं करायला नको. पूर्ण प्रिंट समोर आणि प्रत्येक आकडा वाचता येतोय. मी काही शोधत नव्हते. मोठ्या पडद्यावर काही शोधावं लागतच नाही, हाच तर त्याचा उपयोग.

चोपन्न पॉइंट पाच. ठळक. आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि पूर्ण कागदावर माझ्या उलट्या खुणा, शंभरेक तरी, सगळ्यांचे पाय डावीकडे. एकच खूण सरळ. चोपन्न पॉइंट पाचच्या शेजारची. तिच्याखाली कागद खोडरबराने खरवडलेला, आणि त्या खरवडीत डावीकडे गेलेला माझ्या खुणेचा पुसट पिवळा पाय.

तुम्ही ती खोडली होती. चौकशीच्या आधी कधीतरी, त्या संध्याकाळी मी पुन्हा हो म्हटल्यानंतर, चुकलेल्या मापापाशी तुमचाच हात दिसावा म्हणून तुम्ही माझी खूण खोडून आपली केली होती. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. समोर उकिडवे बसून विचारताना ठाऊक होतं आणि गुडघ्यावर हात टेकून उठतानाही. तुम्ही चौदा वर्षं नट-बोल्ट मोजलेत, मी जेवताना तुमच्यासमोर बसत होते, आणि तुम्ही मला पट्टी दिलीत तेव्हा मी तोंड पाडलं. काका परत आले, म्हणाले, "कैसा है? साफ दिखता है ना?" मला स्वतःची जेवढी किळस तिथे आली तेवढी त्या पोपटांची आली नव्हती. मी म्हटलं, दिखता है. हाच द्या.

मॉनिटर आता खिडकीशी आहे. काम सोपं झालं आहे, हे सांगायलाही लाज वाटते. हे पत्र मी हाताने लिहिते आहे आणि प्रिंटबरोबर त्या पाइपातच ठेवणार आहे.

आज दुपारी मी ते ड्रॉइंग पुन्हा उघडून बसले होते. आई काठी टेकत आली, माझ्या खुर्चीला धरून उभी राहिली. तिला आता फारसं दिसत नाही, पण तिने पडद्याच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाली, "केवढा मोठा गं. ह्यांना असला मिळाला असता तर स्टोअरच्या खिडकीत बसायची पाळी आली नसती, नाय?"

सांगायला तोंड उघडलं होतं, बाबा. मी हो म्हटलं.