तुझ्या नवमीचं पान

प्रिय वैशालीताई,

ताई म्हणायचं, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं. मनात मात्र मी तुला नेहमीच अगं-तुगं करत आले. सवतीला आणखी काय करणार? काल तुझी अविधवा नवमी झाली. तुझ्या नावाने सवाष्ण जेवायला बसली आणि असं काही घडलं, की तुझ्याशी बोलल्यावाचून राहवेना.

खरं सांगू? मला तुझा भयंकर हेवा वाटतो. चिखलोलीच्या या नव्या घरात तू पाऊलही ठेवलं नाहीस, तरी हॉलमधली सगळ्यात चांगली भिंत तुझी! माझे केस पांढरे व्हायला लागले, तू फोटोत तशीच तरुण. आमटी कितीही जमली तरी सासूबाई म्हणणार, "वैशालीच्या हाताला चव होती." तुझ्या वेदांतला अभ्यासाला बसवायचं मी, डोळे वटारायचे मी. म्हणून तू चांगली!

त्यात हल्ली तो फार हात चालवतो. गेल्या महिन्यात अंबरनाथच्या शाळेत त्याने एका मुलाच्या कपाळावर स्टीलची बाटली मारली. टाके पडले. पुन्हा असं झालं तर दाखला घेऊन जा, असं शाळेने बजावलं. सासूबाईंनी मोबाईलमधल्या गेमला शिव्या घातल्या. शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी मात्र विचारलं, "घरात कोणी मारतं का त्याला?"

"एखादा फटका. तेवढं कोण मारत नाही?" हे म्हणाले. जीन्सच्या कारखान्यातून दमून आलं, की ह्यांचा पट्टा किती सहज निघतो, ते तुला मी काय सांगू? मी तोंड उघडेपर्यंत मॅडमचा पुढचा प्रश्न आला होता, "आई गेली तेव्हा त्याला काय सांगितलंत?" हे घड्याळ बघत उठलेच.

काल शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. त्यांची ओटी भरता भरता सासूबाई म्हणाल्या, "वेदांत, पाया पड. आज ह्याच तुझी आई." एवढं ऐकलं आणि त्याने पानाला लाथ मारली! खीर भिंतीपर्यंत उडाली.

ह्यांचा हात पट्ट्याकडे गेला. मी मध्ये उभी राहिले. वळ माझ्या दंडावर उठला आणि तुझा लेक किंचाळला, "पप्पा, हिला नको मारू ना! मम्मीला मारलंस आणि मग ती मेली. हीपण मरेल!"

अगं, तू काविळीने गेलीस, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं! लहान आहे, विसरेल, म्हणून त्याला तेव्हा बदलापूरला मामाकडे ठेवलं. जाण्याआधी त्याने तुला मार खाताना पाहिलं, परत आला तर तू नाहीस. तेवढंच धरून तो एवढा मोठा झाला.

आणि मी? ह्यांनी तुला फुलासारखं जपलं असणार, असं समजून मी इतकी वर्षं जळत होते! का गं कोणी बोललं नाही?

दुपारी त्याला जवळ बसवून मी काविळीचं सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "मी तिच्याजवळ असतो तर वाचली असती?" नाही रे बाळा, म्हटलं. मग त्याने फ्रीजमधला बर्फ आणून माझ्या दंडावर धरला. मम्मी म्हणून हाक मात्र मारली नाही. ती हाक तुझीच. आता सांग, हेवा कसा जाईल?

ह्यांना मी स्पष्ट सांगितलंय, हात पुन्हा उठला तर वेदांतला घेऊन तुझ्या माहेरी जाईन. हे मान खाली घालून ऐकत होते. सोमवारी ह्यांना घेऊन मॅडमकडे जाणार आहे. तिथे सगळं खरं बोलायचं.

पुढच्या नवमीला काकूंना तुझं पान वेदांत वाढेल. तेव्हा त्याच्या अंगावर एकही वळ नसेल, आणि माझ्याही. हा माझा शब्द.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
रेखा