गोणपाटातून आलेली बुटकी

बुधवार, तिन्हीसांज, कारापूर

मी सांगते तसं नात लिहितेय. लिही गो, हसू नकोस!

नार्वे गावातलं घर बंद करून परवा इथं लेकाकडे आले. माझ्या मांजरीला, बुटकीला, गोणपाटात घालून आणली. मांजराला वाट दिसली तर ते परत पळतं. तेव्हापासून ती वॉशिंग मशीनच्या मागे. पुढ्यात ठेवलेलं बांगडा माशाचं डोकंसुद्धा तसंच पडून. पळाली तर मी इथं कोणाशी भांडू?

सून म्हणाली, "आई, तुम्हीपण जेवला नाहीत." मी काय मांजर?

आज जुनं लुगडं अंथरून जमिनीवरच जेवायला बसले. बुटकी आली, माझ्या ताटातला भात खाऊन मांडीत निजली.

मला कोणी गोणपाटात घातलं नव्हतं, गाडीत पुढे बसवलं. नार्वेची वाट मला पाठ आहे. पण आता उठू कशी? ही जागी होईल.