इमलीगुड्याचा कोहळा

१ जुलै, सोमवार

आज इमलीगुडा स्टेशनचा चार्ज घेतला. हैदराबादला बदली म्हटल्यावर सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, पण मला हे स्टेशन बघताक्षणी आवडलं. निजामाच्या काळातली दगडी इमारत, आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं गार वाटतं. पूर्वी इथे मीटरगेज होतं, दिवसाला मोजक्या गाड्या. आता उपनगरी लोकल थांबतात, तिकिटाचं मशीन आहे, पासवाल्यांना वेगळी खिडकी आहे. घोषणा तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी नाही म्हणून मी हळहळले, तर उदय म्हणाला, घरी तुझी मराठी घोषणा अखंड चालूच असते. नवरा असावा तर असा! त्याचं ऑफिस हायटेक सिटीत आणि आमचं घर बरकतपुऱ्यात, त्यामुळे तो रोज माझ्याच स्टेशनवरून लोकल पकडणार. नव्या संसारासारखं वाटतंय.

४ जुलै, गुरुवार

नामदेवराव भेटायला आले. इथले निवृत्त स्टेशन मास्तर, हैदराबादेतलं जुनं मराठी घराणं, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत. चहा झाल्यावर त्यांनी मला फलाटाच्या टोकाला नेऊन रुळालगतचा एक काळा दगड दाखवला. आषाढात रुळांची देखभाल करणारे गँगमन तिथे कोंबडं कापतात म्हणे. देवीचं आहे का विचारलं, तर त्यांनी कानाला हात लावले. देवी तिच्या देवळात आहे, हे वेगळंच. लाइन टाकताना मजूर चिरडले आणि तिथेच पुरले गेले, तेव्हापासून खाली कुणीतरी भुकेली आहे. वर्षाला एक कोंबडं मिळालं की ती गप्प राहते.

मी स्पष्ट सांगितलं, माझ्या स्टेशनवर रक्त सांडायचं नाही. नवचंडीला कापतो तसा कोहळा कापू, सगळ्यांचं समाधान होईल. नामदेवरावांचा चेहरा उतरला.

“नक्को बाई, असं नक्को करू. कोंबडं म्हंजे कोंबडं. दुसरं काही दाखवू नक्को तिला.”

शाकाहारी घरातला म्हातारा कोंबड्याची वकिली करतोय, याचं मला हसूच आलं.

७ जुलै, रविवार

अंबरपेठेच्या बाजारातून चांगला जाडजूड कोहळा आणला. बाईने कोहळा फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा, ही आमच्याकडची रीत. म्हणून उदयला बोलावलं. आधी त्याने टंगळमंगळ केली, मग बाह्या सावरून एका घावात उभे दोन तुकडे केले. मी दोन्हींत कुंकू भरलं. लाल पाणी दगडावर पडलं आणि लगेच जिरलं.

गँगमन लांब उभे होते. त्यांच्यातल्या यादगिरीने काखेतलं कोंबडं सोडून दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. उदयच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडलाय, दोनदा धुऊनही निघत नाही.

९ जुलै, मंगळवार

सोडलेलं कोंबडं दगडावर सापडलं. चोचीपासून शेपटीपर्यंत उभं चिरलेलं. मांजराचं काम असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुपारी फलाटावरचा कुत्रा. तसाच. हे मांजराचं काम नाही.

११ जुलै, गुरुवार

उदय रोज ज्या खांबापाशी उभा राहतो तिथे आज दुसराच एक माणूस होता. पांढरा शर्ट, पाठीला सॅक. उदयची मीटिंग होती म्हणून तो आधीच्या गाडीने गेला होता. लोकल आत येत होती. कुणी धक्का दिला नाही, मी स्वतः खिडकीतून बघत होते. पायाला धरून खेचल्यासारखा तो खाली गेला. दोनदा किंचाळला.

गाडीखाली माणूस आडवा कापला जातो. हा उभा कापला गेला, डोक्यापासून खालपर्यंत. पोलीस एकमेकांकडे बघत राहिले. दोन्ही भागांत लाल भुकटी होती. मी बोट लावलं.

कुंकू.

१२ जुलै, शुक्रवार

नामदेवरावांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. कोहळा माणसाच्या बदली कापतात. कोंबडं दिलं की ती कोंबड्यावर भागवायची. मी तिला माणसाची चव दाखवली. आणि ज्याच्या हाताने दाखवली, तोच ती मागणार. काल चुकून दुसऱ्याला नेलं, म्हणून भूक तशीच आहे.

मी त्यांच्या पाया पडले. ते रडत होते. माझ्या शहाणपणाला आग लागो!

१३ जुलै

यादगिरीच्या हातापाया पडून कोंबडं कापायला लावलं. रक्त दगडावर तसंच पडून राहिलं, थेंबही जिरला नाही. मग त्याच्या हातातली सुरी फिरली आणि अंगठा तुटून दगडावर पडला. ते रक्त मात्र घटाघट — आवाज आला, पिण्याचा —

यादगिरी दवाखान्यात आहे. बाकीचे गँगमन येत नाहीत.

१४ जुलै

उदयच्या उजव्या तळव्यावर लाल रेघ उमटली आहे. मनगटातून वर चढतेय. तो म्हणतो, ॲलर्जी असेल. मी त्याला मिठी मारून खूप रडले. त्याला काही सांगवलं नाही.

१५ जुलै, सोमवार, सकाळ

उदयला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये आहे. तो दार बडवत होता, वेड लागलं का विचारत होता. लागू दे. जिवंत राहा रे बाबा. रजा मागितली, बदली माणूस उद्या येणार. आजचा दिवस काढायचा —

थोड्या वेळाने

स्पीकरवर घोषणा झाली. मराठीत.

माझ्या आवाजात. मी तोंड उघडलेलं नाही. उदय, कुलूप काढलंय, ये —

किल्ली जागेवर नाही. ब्लाउज ओला लागतोय. कुंकवाचं पाणी.

केबिनचं दार उघडत नाही. फोनमध्ये नुसता चघळण्याचा आवाज. काच फोडायला गेले, हात चिरला, काच तशीच —

तो आलाय. समोरच्या फलाटावर. तोच डागाचा शर्ट. हसतोय. त्याला मीच बोलावतेय असं वाटतंय. स्पीकर सारखा म्हणतोय, रुळावरून ये, मी इकडे आहे —

लोकलचा हॉर्न —

उदय, ती मी नाही रे, मी इथे, काचेमागे, इकडे बघ, खाली उतरू नको, उद