दोन घंट्यांची शाळा

बाई,

परवा आरोग्य केंद्राच्या अंगणात आमच्या घरचीचा निरोपाचा कार्यक्रम झाला. गावची नर्सबाई आता पर्यवेक्षिका झाली, पुढच्या महिन्यापासून वर्ध्याच्या ऑफिसात बसणार. शाल झाली, नारळ झाला, डॉक्टरसाहेबांचं लांबलचक भाषण झालं आणि मग तिला उभं केलं. तिला भाषणाची सवय नाही. पदर सावरत दोन-चार वाक्यं बोलली आणि एकदम माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, "गोवराच्या साथीत शाळा दोन घंट्यावर आली, तवा किती बायाईचे काम सुटले. पण यायनं मले एकदाही म्हटलं नाई का नोकरी सोड." टाळ्या पडल्या. मीही हात जोडून हसलो. तिचं वाक्य खरं आहे बाई, तिला मी तसं कधीच म्हटलं नाही. कोणाला म्हटलं ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही जाऊन आता बारा वर्षं झाली. गेले तीन दिवस मोटरीच्या आवाजातसुद्धा त्या टाळ्या ऐकू येतात, म्हणून कागद घेऊन बसलो.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला ते सरळ दिसत नाही. साथीच्या त्या वर्षी फेब्रुवारी उजाडला होता. गल्लीगल्लीत दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, घरांतली फोडणी बंद झाली, बाया हळू आवाजात बोलू लागल्या. तुमची शाळा तीन आठवडे बंद राहिली. मग उघडली, पण अर्धीच: एक दिवस पहिली-दुसरी, दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथी, तेही सकाळी आठ ते दहा, आणि तरटपट्टीवर दोन लेकरांत हातभर जागा सोडून. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती त्यांचं निभावलं. आमच्या घरी तिघंच. मी, ती आणि दुसरीतली पोरगी. घरची सकाळी साडेसातच्या एसटीनं खेड्यांवर जायची. साथ असल्यामुळे तिचं काम दुप्पट झालेलं, घरोघरी जाऊन ताप बघायचा, नोंद करायची, पाच वाजता परत. माझं दुकान हमरस्त्याला लागून. तुम्ही सातवीनंतर माझी शाळा सुटलेली पाहिली होती आणि नागपूरहून वायंडिंग, जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं काम, शिकून आलो तेव्हा दुकानाच्या पाटीवरचं नावही तुम्हीच वाचून बरोबर असल्याचं सांगितलं होतं. त्या महिन्यात माझ्याकडे विहिरींवरच्या एकोणीस जळक्या मोटरी रांगेत पडून होत्या. गहू ओंबीत आलेला, फुलासाठी तहानेल्या ठेवलेल्या संत्र्याच्या बागांना ताण तोडून पाणी द्यायची वेळ, आणि प्रत्येक जण म्हणतो, मिस्त्री, माझी आधी.

पोरीला ठेवायचं कुठं? शेजारच्या वहिनीकडे गेलो. त्यांनी दारातूनच सांगितलं, "राग नोका मानू भाऊजी. पण नर्सबाई दिवसभर माता आलेल्या घरी हिंडते. आमच्या इथं अंगावरचं लेकरू हाय." मी सांगितलं की आमच्या पोरीला मागच्याच वर्षी गोवर येऊन गेला. त्या म्हणाल्या, "तिले आला असन, आमच्याले नाई ना आला." बोलणं चुकीचं नव्हतं, फक्त माझ्या कामाचं नव्हतं. मग पोरगी माझ्याबरोबर दुकानात येऊ लागली. दोन दिवस वायरींचे तुकडे गोळा करत बसली. तिसऱ्या दिवशी मी मोटरीच्या स्टेटरमधून जळकी तार ओढतो आहे, आणि बाहेर ट्रकचा ब्रेक लागतो. माझे कान कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. गाडी दिसायच्या आधी मी सांगतो कुठल्या बेअरिंगमध्ये खडा आहे. तो ब्रेक साधा नव्हता. ट्रकवाला कशासाठी तरी थांबला होता, आणि ते जे काही होतं ते चाकाच्या उंचीचं होतं. पळत गेलो. पोरगी रस्त्याच्या मधोमध उभी, हातात लाल वायर. ट्रकच्या तोंडापासून दीड हात. सरदारजी खाली उतरला, मला एक शिवी दिली आणि तिच्या डोक्यावर हात फिरवून गेला.

त्या संध्याकाळी ट्रकचं मी घरी सांगितलं नाही. ती जेवण वाढता वाढता कोणत्या गावात किती लेकरं तापलीत ते सांगत होती आणि मी मान हलवत होतो. माझं मनात ठरून गेलं होतं. तुम्हाला सगळ्या गावाचे अर्ज लिहायची सवय. विहिरीचा अर्ज, रेशन कार्डाचा, वीज जोडणीचा, सगळे कागद तुमच्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला शाळेत आलो. लेकरं गेलेली, तुम्ही एकट्याच तरटपट्ट्या गुंडाळत होतात. दुसऱ्या मास्तरांच्या घरी गोवर, म्हणून चारही वर्ग तुमच्यावर. मी म्हटलं, "बाई, एक अर्ज लिहून पाह्यजे होता."

"कशाचा?"

"राजीनाम्याचा."

"तू कुठं नोकरी करतोस रे?"

"माह्या नाई. घरच्या..."

तुम्ही तरटपट्टी खाली ठेवलीत. "तिनं पाठवलं तुला?"

"पाठवलं असं नाई. पण तिले समजते. तुमी लिहून द्या, तुमचं अक्षर पाह्यलं का ती सही करते. तुमचा शब्द मोडत नाई ती."

म्हणजे मी किती हुशारी करून आलो होतो पाहा. तिला मी म्हणणार नव्हतो. तुमच्या अक्षराला म्हणायला लावणार होतो. घरात भांडण नाही आणि काम फत्ते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चौथीत असताना गणिताचं उत्तर शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून लिहायचो तेव्हा पाहायच्या तसंच. मग म्हणालात, "अख्ख्या तालुक्यात या घडीला जिची सगळ्यात जास्त गरज आहे, ती घरी बसणार. आणि एकोणीस मोटरीवाला दुकानात बसणार. का, तर शाळा अर्धी झाली. अरे, शाळा अर्धी मी केली ना? मग मला येऊन भांड. तिला काऊन शिक्षा?" तुम्ही 'काऊन' म्हणालात तेव्हा मला कळलं की तुम्ही खरंच चिडलात. एरवी तुम्ही पुस्तकातलं बोलायच्या.

मी म्हटलं, "मग लेकरू कुठं ठेवू, सांगा. रस्त्यावर?" आणि ट्रकचं सांगितलं. तुम्ही पाण्याचा गडू पुढे केलात, मी पिईस्तोवर थांबलात आणि विचारलंत, "तुझ्या दुकानामागं टिनाचं शेड आहे ना? काय आहे त्यात?" भंगार, म्हटलं. "भंगार बाहेर काढ. तुझ्यासारखी आणखी पाच घरं आहेत मला माहीत असलेली. ढाब्यावर पोळ्या लाटणारीची दोन लेकरं, हरभरा कापायला जाणाऱ्यांची चार. सगळ्यांना गोवर येऊन गेलेला आहे, मी वहीत लिहून ठेवलं आहे. दहा वाजता मी त्यांना तुझ्याकडे सोडते, पाढे देऊन. ज्या दिवशी वर्ग नाही त्या दिवशी सकाळपासून. तू काही शिकवू नकोस. तू फक्त ऐक. पाढे चालू आहेत तोवर लेकरं शेडात आहेत. पाढे थांबले की उठून बघ."

बाई, अशी युक्ती माझ्यासाठी दुसऱ्या कोणाला सुचली नसती. डोळे मोटरीत, हात तारेत, मोकळे होते ते कानच. दुसऱ्या दिवशी शेड रिकामं केलं, रस्त्याकडच्या बाजूला जुन्या पत्र्याचं कवाड लावलं. सात लेकरं आली. "बे एके बे" सुरू झालं आणि मी कामाला बसलो. थांबलं की ओरडायचो, "काय झालं रे?" "पाणी पिऊन राह्यलो काका!" पुन्हा सुरू. आमच्या घरचीला सांगितलं की शेडात लेकरं बसवतो आहे. ती म्हणाली, "कोणाची आयडिया?" मी मोटरीचं झाकण लावत होतो. म्हटलं, "झालं असंच."

आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी संत्र्याच्या बगिच्याचे काकाजी बैलगाडीत मोटर घालून आले. दोनच दिवसांपूर्वी माझ्या हातून बांधून नेलेली. अर्धा घंटा चालली, गुणगुणली आणि धूर सोडून बसली. बागेचा ताण तुटलेला, एक पाणी दिलेलं, दुसरं चुकलं की फूल गळणार. मी मोटर उघडली आणि एका कॉईलचे, तारेच्या वेटोळ्याचे, फेरे मोजले. प्रत्येकीला चौसष्ट हवेत. या एकीला पंचावन्न. पुन्हा मोजले, पंचावन्नच. नऊ फेरे गेले कुठं? तेवढ्यात मागून सगळ्यांचा एकसुरात आवाज आला, "बारा पंचे साठ!" आणि मला हातात तार धरल्या धरल्या कळलं. मी मनात एक्कावन्नावर असणार. पोट्ट्यांनी साठ म्हटलं, मी पुढं एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट म्हटलं आणि गाठ मारली. ज्या कानांचा एवढा तोरा होता, त्यांनीच घात केला.

काकाजींना खरं ते सांगितलं. चहाच्या टपरीवरचे लोक ऐकत होते. काकाजी म्हणाले, "मिस्त्री, तुमी मोटरी बांधून राह्यले का बालवाडी चालवून राह्यले?" हशा झाला. मग हसू संपवून हळूच म्हणाले, "हे पोट्टे हटवा इथून. नाईतर मी मोटर आर्वीले नेतो. अन् मी एकटा नाई नेणार." ती धमकी नव्हती, हिशेबाचं बोलणं होतं. गावात मोटर बांधणाऱ्याचा हात चुकतो असं एकदा पसरलं की दुकान बंद. शेडात पोरगी बाराचा पाढा चुकवत होती आणि ढाब्याचा पोट्टा तिला सुधारत होता. लेकरं हटवली तर उद्या पुन्हा तोच अर्ज, आणि या वेळी तो माझ्याच अक्षरात लिहावा लागणार. मी म्हटलं, "काकाजी, उद्या दुपारपर्यंत मोटर देतो. बसून फेरे मोजून घ्या. पण लेकरं इथंच राहतील."

तुमच्याकडे धावत आलो. म्हटलं, "लेकरं हटवत नाई बाई, पण माझं मोजणं हुकते." तुम्ही रागावला नाहीत. कपाट उघडून ती मण्यांची पाटी काढलीत, लाकडी चौकटीत दहा तारा, तारेवर रंगीत मणी, पहिलीच्या लेकरांना आकडे शिकवायची. म्हणालात, "पाढे घरी म्हणतील. तुझ्याकडे तुझेच फेरे मोजू दे. दहा झाले की एक मणी."

दुसऱ्या दिवशी काकाजी स्टूल टाकून माझ्यासमोर बसलेत. मी तार गुंडाळायची फिरकी फिरवतो आहे, सात लेकरं माझ्या हाताकडे बघत एका सुरात म्हणताहेत, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. साठला पोरगी सहावा मणी सरकवते. एकदा मी मुद्दाम पासष्टावा फेरा द्यायला हात उचलतो, तर सातही ओरडतात, "काका, झाले!" काकाजींना हसू आवरत नाही. ते स्वतःही मोजायला लागतात, आणि ढाब्याचा पोट्टा त्यांना दटावतो, "बाबा, तुमी मधात नोका बोलू, गडबड होते." मोटर गेली, चालली. चौथ्या दिवशी झोळीभर संत्री आली, "मास्तर लोकाईसाठी" असा निरोप घेऊन. मार्चअखेर शाळा पूर्ण भरू लागली तोवर ती सगळी लेकरं आकड्यात पक्की झाली होती आणि माझ्याकडे एकच मोटर उरली होती.

ती पाटी अजून दुकानात आहे. दोन मणी फुटले, तिथं मी पोर्सेलिनचे घातले. तुम्ही त्या अर्जाचा विषय पुन्हा कधी काढला नाहीत. तुमच्या आजारपणात घरची तुमच्याकडे यायची, तुमच्या उशाशी बसायची, तेव्हाही नाही. मी दाराशी उभा राहून कान देऊन ऐकायचो, आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही तिला लेकरांच्या टोचणीबद्दल विचारायच्या आणि माझ्याकडे बघून पाणी मागायच्या.

बाई, शेडाची युक्ती तुमची होती. ती गावाला माझी वाटली आणि मी वाटू दिली. घरचीला सगळं, त्या अर्जासकट, सांगायचं ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं. आज पोरगीही कॉलेजातून येणार आहे सुट्टीला, दोघींनी मिळून काय म्हणायचं ते म्हणावं. पाच वाजत आले. वळणावर एसटीनं गिअर बदललेला ऐकू येतो आहे, ही घरचीचीच गाडी. हा कागद तुमच्यापर्यंत जाणार नाही हे मला कळतं. तो मी तिच्या चहाच्या कपाखाली ठेवतो आणि दुकानामागच्या शेडात जाऊन बसतो. तोंडानं सांगायची हिंमत मला अजूनही नाही. या वेळीही मी अक्षरालाच पुढं केलं आहे, पण निदान ते माझं आहे.