घासलेली बरणी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला हात लावशील, पण कामच तसं आहे. शेडमधली मोठी टाकी नासली. दाणे काढलेल्या मक्याची बुरकुंडं उकळून त्या काढ्यात आम्ही यीस्ट वाढवतो, वाळवतो, कोंबड्यांच्या खाद्यात घालतो, हे तुला ऐकून ऐकून पाठ झालंय. त्यात दुसरीच बुरशी शिरली. शेतात जाळून टाकायच्या कचऱ्यातून सकस खाणं होतं म्हणून कौतुक करणारे मालक आता टाळं लावायचं म्हणतात.

आशा एकच. मागच्या खेपेला घरच्या फ्रिजमध्ये ठेवून गेलो ती काचेची बरणी; त्यातल्या विरजणावरच टाकी पुन्हा लावता येईल. त्या कडू काढ्यात तगणारं यीस्ट तयार करायला मी वर्षानुवर्षं खपलोय गं! तळाशी गढूळ गाळ दिसेल, तोच सगळा जीव. झाकण उघडू नकोस, तशीच बसवाल्याकडे दे. आई वासाला वैतागली असेल, तर माझ्या वाटची बोलणी तू खा.

माझ्यावर आहे तो लोभ सध्या बरणीवर असू दे.

तुझा धाकटा


९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहू रे? तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी आईने फ्रिज आवरला. पोराची बरणी आंबली म्हणून हळहळली, गाळ मोरीत ओतला, उकळत्या पाण्याने बरणी घासली आणि उन्हात पालथी घातली. गुडघे दुखतात, तरी मला हात लावू दिला नाही. लख्ख बरणी बघून तू खूश होशील, हे शेजारणीलाही सांगून झालंय.

मी मोरीपाशी बसून रडले. तू बरणी मागितलीस एवढंच तिला सांगितलं, तर आजच पाठव म्हणून मागे लागली. म्हणून पाठवतेय. तिला खरं सांगू का, तूच कळव.

रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

बरणी पोचली. आईने मऊ फडक्यात गुंडाळलेली, साधा चरासुद्धा नाही. वेड्यासारखं झाकण उघडून वास घेतला. नुसता साबणाचा होता.

काल शेडला टाळं लागलं. बुरकुंडांचा ढीग दाराशीच पडलाय, कुणीतरी पेटवून देईल. मी घरी येतोय. मोठी सुट्टी मिळाली म्हणून आईला सांग.

बाकी अवाक्षर बोलू नकोस, तुला माझी शपथ. म्हणावं, बरणी अगदी वेळेवर मिळाली, आणि इतकी स्वच्छ बरणी अख्ख्या कारखान्यात दुसरी नव्हती.

आता माया तेवढी राहू दे.

धाकटा