चिंचेच्या पाण्यातला नळ

अहो,

न्हाणीत आत्ता टप्प असा आवाज झाला. घर इतकं गप्प आहे की नागू झोपेत दचकली. ती उठायच्या आत लिहायलेय.

नळ मी काढून घेतलाय. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा खार दगडासारखा बसलाय. चुलीजवळच्या वाटीत चिंचेच्या पाण्यात भिजत घातलाय, संध्याकाळपर्यंत सुटंल. तेजाब टाकू नका, पितळ खाऊन टाकतं. पायपाच्या तोंडाला चिंधी गुंडाळून लाकडाचा गुट्टा ठोकलाय. टाकीत पाणीच नाही.

तरी टपटप थांबेना. जाऊन बघितलं, तर फरशी कोरडी ठणठणीत.

रागावू नका. तुमच्या आईंना स्मशानात पोचवून आलात त्या दिवशी तुमच्या हातापायांवर घालायला पाणी म्हणून मी हाच नळ पिळत राहिले, थेंब आला नाही. "असू दे, चला आत," तुम्हीच म्हणालात, आन् सगळे हातपाय न धुता उंबरा ओलांडून आत आले. तवापासून हा आवाज आहे. तुम्ही म्हणता, खारानं होतंय. व्हय, तसंच असंल.

शेजारच्या लक्ष्मम्माच्या आडाची घागर दाराबाहेर ठेवलीय. आज तरी हातपाय धुऊनच आत या, माझ्यासाठी एवढं करा. भाकरी टोपल्यात आहे. मी नागूला घेऊन लक्ष्मम्माकडं बसते.

नागू उठली. माझ्या मांडीवर बसून न्हाणीकडं बघायलीय. विचारतेय,

"आई, नळ तर वाटीत हाय. मग आजी कशाखाली हात धुवायलीय?"