आपल्या गावावरचा ठिपका

आदरणीय नाना,
तुम्हांला आणि आईला जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. कांजूरमार्गला माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही जन्मभर निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. मी इथल्या प्रचार-ऑफिसात लागले, तर मोबाइलवर कुठे प्रचार होतो का, म्हणून माझ्यावर रुसलात. पण नाना, हे बघून तुम्हीही थक्क व्हाल. आमच्या उमेदवारबाईंच्या पेजवर कुणी ‘पाठिंबा’ दाबून गावाचं नाव टाकलं, की ऑफिसातल्या नकाशावर तिथे ठिपका पेटतो. काल बाईंचं भाषण सुरू झालं आणि बुद्धपौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लागत जातात, तसा अख्खा वॉर्ड उजळत गेला. मी हातातला चहा विसरले.

मग लांब, नुसत्या अंधारात, आपल्या गावावर एकच ठिपका पेटला. गावात ती लिंक मी फक्त तुम्हांला पाठवली होती.

आमचं ऑफिस बघणारे सौरभसर म्हणाले, वॉर्डाबाहेरच्यांचं इथे मत नाही, ते ठिपके काढून टाक. मी पुण्याचे काढले, नागपूरचे काढले. आपल्या गावचा राहू दिला.

आता फोन पण उचला ना.

तुमचीच,
संघमित्रा